नितळ पाणी, शून्य नायट्रेट आणि तरीही मिटलेली प्रवाळे: घरच्या रीफ टाकीचे पाणी नेमके कुठे बिघडते?

खारट_पाणी | ९ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, गेले चौदा महिने चालू आहे. खालच्या सम्पसह, म्हणजे गाळणीच्या टाकीसह, एकूण पाणी सुमारे २५० लिटर आहे. टाकीत दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, दहा शंखगोगलगायी आणि मऊ प्रवाळे म्हणजे झोअँथस, मश्रूम व एक मोठे लेदर कोरल आहे. खडक नैसर्गिक नसून कृत्रिम, कोरडे आणलेले आहेत.

मे अखेरपर्यंत सर्व काही सुरळीत होते. जूनच्या मध्यापासून वाळूवर आणि खडकांवर तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर येऊ लागला. सकाळी तो जवळजवळ दिसत नाही, पण दिवे लागल्यावर वाढत जातो आणि संध्याकाळपर्यंत त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. दहापैकी सहा गोगलगायी मेल्या आहेत. लेदर कोरल बारा दिवस मिटलेले आहे.

आजची मोजमापे अशी आहेत: क्षारतेची विशिष्ट घनता १.०२५, तापमान २६.५ अंश, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) ६.४ डीकेएच (हे तिचे एकक; मे महिन्यात ती ८.२ होती), कॅल्शियम ४०० पीपीएम (दशलक्षात भाग), नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. पाणी स्वयंपाकघरातील आरओचे वापरतो आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ४० येतो. बाष्पीभवनाने घटणारे पाणी भरून काढताना त्यात चुन्याची पातळ निवळी मिसळलेली असते.

गेल्या तीन आठवड्यांत मी तीन वेळा तीस टक्के पाणी बदलले, फॉस्फेट शोषणारे लोहाचे खडे दुप्पट केले, खडक बाहेर काढून घासले आणि तीन दिवस टाकी अंधारात ठेवली. अंधारानंतर दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी थर पहिल्याहून जाड झाला. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते, त्यामुळे दोष आरओच्या पाण्यात असावा, असा माझा अंदाज आहे. पाणी इतके स्वच्छ ठेवूनही ते बिघडलेले आहे, हे कोणत्या मोजमापावरून कळावे?

निळी_झाक | ९ जुलै, रात्री १०.२०

छायाचित्र दिवे लागण्यापूर्वीचे आणि संध्याकाळचे, असे दोन्ही वेळचे द्यावे. टेस्ट किटच्या बाटल्यांवरील मुदतीची तारीखही पाहून सांगावी.

तळ्याकाठचा | ९ जुलै, रात्री १०.४५

हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे चादरीसारखा थर करणारे जिवाणू आहेत, यात मला शंका वाटत नाही. रंकाळ्याच्या काठी ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पाण्यावरची साय ओळखायला किट लागत नाही. पाण्यात पोषकद्रव्ये जास्त झाली की असे होते. किट शून्य दाखवत असेल तर किट खोटे बोलत आहे. निम्मे पाणी बदलावे, माशांचे खाणे अर्धे करावे आणि बाजारात मिळणारे सायनोवरचे औषध घालावे. दहा दिवसांत टाकी लख्ख होईल.

निळी_झाक | १० जुलै, सकाळी ७.१५

तळ्याकाठचा यांच्याविषयी आदर ठेवून असहमती नोंदवतो. धागाकर्त्यांनी लिहिलेल्या तीन गोष्टी सायनोशी जुळत नाहीत. पहिली, थर रात्रीत विरतो आणि दिव्याबरोबर परत येतो. सायनोची चादर साधारणपणे रात्रीही जागेवर राहते आणि ती उचलली तर तुकड्यातुकड्यांनी निघते. दुसरी, थर शेंबडासारखा चिकट आहे आणि त्यात बुडबुडे अडकतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गोगलगायी मरत आहेत. ही लक्षणे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांची आहेत, ज्यांना आपण छंदात नुसते डायनो म्हणतो.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. थर थोड्या पाण्यासह नळीने ओढून बाटलीत घ्यावा, बाटली जोरात हलवावी, पाणी कॉफीच्या गाळणकागदातून गाळावे आणि खाली आलेले पाणी तासभर दिव्याखाली ठेवावे. डायनोच्या सुट्या पेशी कागदातून पार होतात आणि तासाभरात पुन्हा एकत्र येऊन तंतू बनवतात. सायनोचे तुकडे कागदावरच अडकतात.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्मजीव याच डायनोफ्लॅजेलेट कुळातील आहेत. म्हणजे भांडण भाऊबंदकीचे आहे.

पानसुपारी | १० जुलै, सकाळी ९.३०

भाऊबंदकी आहे म्हटल्यावर हा दावा तीन पिढ्या चालेल. धागाकर्त्यांनी वकील पाहून ठेवावा.

खारट_पाणी | १० जुलै, रात्री ८.४०

छायाचित्रे जोडली आहेत. नायट्रेटच्या किटची मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे, फॉस्फेटची मात्र एप्रिलमध्ये संपली आहे. गाळणकागदाची परीक्षा केली. पन्नास मिनिटांत स्वच्छ पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तपकिरी धागे तयार झाले. पाहताना अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

आता माझा गोंधळ वाढला आहे. पाण्यात नायट्रेट नाही, फॉस्फेट नाही, तर हे वाढते कशावर?

प्रयोगवही | १० जुलै, रात्री १०.०५

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्याकडे टाकी लहान, ८० लिटरची आहे, पण मोजमापांचा अनुभव पुष्कळ आहे.

आपले किट पाण्यात उरलेले नायट्रेट दाखवते, तयार झालेले आणि खाल्ले गेलेले दाखवत नाही. आपल्याकडे संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी येतात आणि ताज्या धारेचे दूध पेल्यापेल्याने संपते. रात्री दहा वाजता चरवीत दूध उरले नाही, यावरून त्या दिवशी म्हशी आटल्या होत्या असे कोणी म्हणत नाही. आपल्या टाकीत मासे खातात, विष्ठा टाकतात, त्यातून अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट बनते. ते पाण्यात पसरण्याआधीच कोणीतरी खाऊन टाकत असेल तर किट शून्यच दाखवणार.

प्रश्न ते कोण खाते हा आहे. नायट्रेट पाच-दहा पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम असताना हिरवे शेवाळ, डायटम हे सूक्ष्म शैवाल, जिवाणू अशी सर्वांची पंगत बसते आणि जागेसाठी स्पर्धा चालते. दोन्ही द्रव्ये शून्यावर आली की हे सर्व उपाशी राहतात. डायनोंच्या बऱ्याच जाती मात्र प्रकाशावर जगतात आणि जिवाणूही गिळतात, त्यामुळे त्या तग धरतात आणि रिकामी झालेली जागा बळकावतात. त्यामुळे आपण केलेला प्रत्येक उपाय, म्हणजे पाणी बदलणे, लोहाचे खडे दुप्पट करणे आणि खडक घासणे, प्रतिस्पर्ध्यांना हटवणारा ठरला. तळ्याकाठचा यांनी रंकाळ्याचा दाखला दिला, पण तळ्याचा रोग अतिपोषणाचा असतो आणि आपल्या टाकीचा उपासमारीचा आहे. वरून दोन्ही साय सारखीच दिसते.

किटवर विश्वास नसेल तर ते तपासता येते. शुद्ध पोटॅशियम नायट्रेट १६३ मिलिग्रॅम एक लिटर निर्जल क्षारमुक्त पाण्यात विरघळवले की १०० पीपीएम नायट्रेटचे द्रावण मिळते. ते दहापट पातळ करून किटने मोजावे. दहाच्या आसपास रंग आला तर किट बरोबर आहे. (दुरुस्ती: वर "निर्जल" हा शब्द चुकून पडला आहे. पाणी निर्जल कसे असेल? फक्त क्षारमुक्त असे वाचावे.)

पानसुपारी | १० जुलै, रात्री १०.२०

निर्जल पाणी आम्हांला उन्हाळ्यात नळातून मिळत असे, त्यामुळे खटकले नाही.

तळ्याकाठचा | ११ जुलै, सकाळी ८.००

प्रयोगवही ताईंचे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण एक शंका राहते. समुद्रातील प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण १०६:१६:१ असते, हे रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने १९३४ पासून मांडलेले आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट त्या प्रमाणात ठेवले तर सायनो काय आणि डायनो काय, कोणालाच संधी मिळणार नाही, असे आम्ही वाचत आलो. मग उगाच पोषकद्रव्ये वाढवण्यापेक्षा प्रमाण का साधू नये?

प्रयोगवही | ११ जुलै, दुपारी १.३०

ते प्रमाण प्लवकांच्या शरीराच्या घडणीचे आणि खोल समुद्राच्या पाण्याचे निरीक्षण आहे, टाकीसाठी लिहून दिलेले औषध नाही. शून्याचे आणि शून्याचे प्रमाण काय काढणार? आधी दोन्ही आकडे किटवर दिसू द्यावेत, प्रमाणाचा विचार नंतर करता येईल.

उद्यमनगरी | ११ जुलै, रात्री ९.१०

माझा व्यवसाय पाणी शुद्धीकरणाच्या जोडण्यांचा असल्याने धागाकर्त्यांच्या मूळ अंदाजाकडे, म्हणजे पाण्याच्या उगमाकडे वळतो. आत्तापर्यंत त्याविषयी कोणीच बोललेले नाही.

स्वयंपाकघरातील आरओ माणसाने प्यायच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. पाणी अगदी बेचव होऊ नये म्हणून त्यात थोडे न गाळलेले पाणी परत मिसळणारा झडपेचा स्क्रू असतो, किंवा खनिजांचे काडतूस असते. म्हणून टीडीएस ४० येतो. रीफसाठी आरओच्या पडद्यानंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा टप्पा हवा आणि टीडीएस शून्य हवा. वर्षाला हजार लिटर पाणी उडाले असे धरले तर ४० टीडीएसने चाळीस ग्रॅम क्षार टाकीत साठतात. २५० लिटर पाण्यात मुळातच पावणेनऊ किलो मीठ आहे, त्यामानाने हे वजन क्षुल्लक आहे. पण या चाळीस ग्रॅममध्ये काय आहे, याला महत्त्व आहे. आपला भाग बेसाल्टचा, काळ्या पाषाणाचा आहे, आणि बोअरच्या पाण्यात सिलिका हमखास येते. टाकीत ती डायटमना खाद्य होते.

पावसाळ्याचा मुद्दा निराधार नाही. पाणी गढूळ असताना कोणत्याही शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. क्लोरीनने आरओचा पातळ पडदा खराब होतो, म्हणून त्याआधीचा कार्बन फिल्टर जुना झालेला नसावा. गाळ जास्त असेल तर पहिला पाच मायक्रॉनचा फिल्टर पावसाळ्यात दर महिन्याला बदलावा. डीआय रेझिन संपत आले की ते सर्वांत आधी सिलिका सोडून देते, आणि सिलिका विद्युतभारित नसल्यासारखीच असल्याने टीडीएस मीटर तेव्हाही शून्यच दाखवतो. रंग बदलणारे रेझिन घेतले तर तीन-चतुर्थांश रंग बदलताच ते टाकून द्यावे.

पण धागाकर्त्यांच्या आजच्या दुखण्याचे कारण मला यात दिसत नाही. आरओ सुधारावा, परंतु आरओ सुधारल्याने डायनो जातील अशी आशा धरू नये.

मत्स्यगंधा | १२ जुलै, सकाळी १०.४०

डायनोच्या चर्चेत अल्कलिनिटी ८.२ वरून ६.४ वर आली, हा मुद्दा मागे पडला आहे. माझ्या ताराबाई पार्कमधील टाकीत सलग दोन पावसाळे हेच झाले, म्हणून लिहिते.

चुन्याची निवळी देण्याची पद्धत फार सुंदर आहे, कारण पाणी जितके उडते तितकी निवळी आपोआप आत जाते आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही एकत्र भरून निघतात. पण त्यातच तिचा सापळा आहे. मे महिन्यात कोल्हापूरची हवा कोरडी असते, पंखे चालू असतात, आणि माझ्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडत असे. जुलैत बाहेर सतत पाऊस, भिंतींना ओल, वाळत घातलेले कपडे चार दिवस दमट. त्या हवेत टाकीतून रोज एक लिटरही पाणी उडत नाही. प्रवाळे आणि खडकावरील गुलाबी चुनखडी शेवाळ यांची भूक तेवढीच राहते आणि मिळणारा चुना एक तृतीयांशावर येतो. धागाकर्त्यांनी मे आणि जुलैमध्ये किती पाणी भरले, ते आठवून पाहावे.

पूर्ण तीव्रतेची एक लिटर निवळी २५० लिटर पाण्याची अल्कलिनिटी जवळजवळ अर्धा डीकेएच वाढवते. या हिशेबाने निवळी दाट करता येईल, पण मी तसे करणार नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच दाट निवळी दुप्पट-तिप्पट वेगाने आत जाईल. पावसाळ्यापुरता खायचा सोडा सोयीचा पडतो. ७.५ ग्रॅम सोडा २५० लिटर पाण्याची अल्कलिनिटी एका डीकेएचने वाढवतो. तो आरओच्या पाण्यात विरघळवून प्रवाहाच्या तोंडाशी सावकाश सोडावा आणि दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वाढ करू नये. बेकिंग पावडर घेऊ नये, तिच्यात इतर पदार्थ असतात.

खिडक्या बंद राहिल्याने घरातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच उतरतो, हाही पावसाळ्याचाच भाग आहे. स्किमरची (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर सोडली तर फरक पडतो. आमच्याकडे ती नळी पाहून शेजारच्या काकूंनी "आत कोण आजारी आहे?" असे विचारले होते.

पानसुपारी | १२ जुलै, दुपारी १२.१५

निवळीसाठी आमच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीतील डबीचा चुना चालेल का? हा प्रश्न पूर्णपणे गांभीर्याने विचारत आहे.

प्रयोगवही | १२ जुलै, दुपारी २.००

गांभीर्यानेच उत्तर देते. रसायन तेच आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण डबीतील चुन्याच्या शुद्धतेची हमी कोणी देत नाही, आणि त्यात वास, रंग किंवा इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. प्रयोगशाळेच्या दर्जाची पूड घ्यावी. एका लिटर पाण्यात ती जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास विरघळते, उरलेली तळाशी बसते. ती ढवळून टाकीत जाऊ देऊ नये. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, त्यामुळे डोळे आणि हात सांभाळावेत. जी गोष्ट जिभेला सोलते, ती माशाच्या कल्ल्यांचे काय करेल याचा विचार करावा.

घाटवाट | १२ जुलै, रात्री ९.३०

एवढी रसायने कशाला, हा प्रश्न मला सुरुवातीपासून पडला आहे. समुद्र आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर आहे. मी दर दोन महिन्यांनी आंबा घाटाने रत्नागिरीकडे जातो आणि खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या कॅनमधून दोनशे लिटर समुद्राचे पाणी आणतो. मिठाच्या पिशवीचा खर्च वाचतो, आणि येताना घरी मासळीही येते.

निळी_झाक | १२ जुलै, रात्री १०.००

घाटवाट, जुलैत आणलेल्या पाण्याची क्षारता मोजली आहे का?

घाटवाट | १२ जुलै, रात्री १०.२५

मोजली आहे, आणि प्रामाणिकपणे सांगतो की जूनअखेरीस आणलेल्या पाण्याची घनता १.०१८ निघाली. पश्चिम घाटावरचा सगळा पाऊस त्याच खाड्यांतून समुद्रात येतो. शिवाय बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो. म्हणून मी जून ते ऑक्टोबर पाणी आणत नाही. हिवाळ्यात खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी पाणी भरतो, दोन आठवडे अंधारात झाकून ठेवतो आणि कार्बनमधून फिरवून मगच वापरतो. पावसाळ्यात मीही पिशवीचेच मीठ वापरतो, हे आधीच लिहायला हवे होते.

उद्यमनगरी | १३ जुलै, सकाळी ८.१५

क्षारतेचा विषय निघालाच आहे, तर रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून क्षारता मोजणारा मीटर) शुद्ध पाण्यावर शून्याला लावून समाधान मानू नये. मोजायचे आहे ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भागांच्या) आसपास, तर तपासणीही तिथेच व्हावी. शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि क्षारमुक्त पाणी ९६३.५ ग्रॅम वजन करून मिसळले की त्याचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्रजलाएवढा येतो. माझा मीटर या परीक्षेत दोन अंकांनी खोटा निघाला होता आणि मी वर्षभर प्रवाळांना दोष देत होतो.

कलम_पोटकलम | १३ जुलै, रात्री ८.५०

समुद्रातून आणण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. पाणी आणणे वेगळे आणि प्रवाळ किंवा त्याचा खडक आणणे वेगळे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी सांगाडा बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे समाविष्ट आहेत. वाघाला जी अनुसूची लागू आहे, तीच यांना लागू आहे. मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळे आहेत आणि तिथले सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही आठवण म्हणून घरी आणू नये.

खारट_पाणी | १३ जुलै, रात्री ९.३०

याच कारणाने मी कृत्रिम खडक घेतला आणि दगडी प्रवाळांच्या वाटेला गेलो नाही.

निळी_झाक | १३ जुलै, रात्री १०.१५

आणि इथे कायदा व डायनो एकमेकांना भेटतात. समुद्रातून आलेल्या जिवंत खडकाबरोबर शेकडो प्रकारचे जिवाणू, किडे आणि शेवाळे येत असत. कोरड्या खडकाची टाकी निर्जंतुक ओसरीसारखी असते. तिच्यात नायट्रोजनचे चक्र काही आठवड्यांत बसते, पण जीवांची गर्दी जमायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्या काळात पोषकद्रव्ये शून्यावर गेली की डायनो येतात, असा अनेकांचा अनुभव आहे. उपाय बेकायदा खडक आणण्याचा नाही. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर वाळू आणि फिल्टरचा स्पंज पुरतो. माझ्याकडून घेऊन जावे, शाहूपुरी फार दूर नाही.

नाडीपरीक्षा | १४ जुलै, सकाळी ६.५०

डॉक्टर म्हणून एक सूचना देतो. धागाकर्त्यांनी खडक बाहेर काढून घासल्याचे लिहिले आहे. काही डायनो आणि काही झोअँथस पॅलिटॉक्सिन गटातील तीव्र विष बाळगतात. असे खडक उघड्या हातांनी घासू नयेत, हातावर जखम असेल तर मुळीच नाही, आणि ते उकळत्या पाण्यात तर कधीही टाकू नयेत. वाफेतून संपूर्ण कुटुंबाला श्वसनाचा त्रास झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी आवश्यक आहे. घासकामानंतर ताप, खोकला किंवा तोंडात धातूसारखी चव आली तर टाकीविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण ते आपणहून विचारणार नाहीत.

जुना_बाजार | १४ जुलै, सकाळी ११.२०

इतका खर्च, इतकी वीज, इतकी विषे! मासा तांबड्या रश्श्यात जास्त शोभतो, असे आमचे नम्र मत आहे.

मत्स्यगंधा | १४ जुलै, दुपारी १२.००

आपल्या मताची नोंद घेतली आहे. क्लाउनफिशचा रस्सा पातळ होतो.

विजेचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि शहरात पुराच्या मधोमध नळ कोरडे पडले. माझ्या टाकीला पुराचे पाणी शिवलेही नाही, तरी २०१९ मध्ये मी तीन मासे गमावले, कारण वीज गेल्यावर प्रवाह थांबला आणि प्राणवायू संपला. आता जून लागला की बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि शंभर लिटर शुद्ध पाणी झाकून तयार असते. डायनोचा थर असलेल्या टाकीत रात्री प्राणवायू आधीच कमी असतो, म्हणून धागाकर्त्यांनी हे अधिक मनावर घ्यावे.

खारट_पाणी | १५ जुलै, रात्री ९.००

सर्वांचे आभार. मोजपट्टीची बाटली काढून पाहिली: मे महिन्यात रोज तीन लिटर, आता रोज पाऊण लिटर. मत्स्यगंधा ताईंचे निदान अचूक निघाले. उद्या प्रयोगवही ताईंकडे नमुना घेऊन जात आहे, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे मान्य केले आहे. तोपर्यंत पाणी बदलणे थांबवले आहे, लोहाचे खडे काढले आहेत.

प्रयोगवही | १६ जुलै, संध्याकाळी ७.१०

वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांबरोबर चारशेपट मोठे करून पाहिले. थेंबाच्या आकाराच्या पेशी, टोकाकडून जणू दोरीने बांधल्यासारख्या एका बिंदूभोवती गरगर फिरत होत्या. घाण्याला जुंपलेला बैल आठवला. ही ऑस्ट्रिऑप्सिस नावाच्या डायनोची खूण आहे, आणि गोगलगायींच्या मरणाशीही ती जुळते. जात ओळखणे उपयोगाचे ठरले, कारण ही जात रात्री खडक सोडून पाण्यात तरंगते, त्यामुळे अतिनील दिव्याच्या नळीतून पाणी फिरवल्यास ती मारता येते. वाळूतच राहणारी अँफिडिनियम असती तर त्या दिव्याचा खर्च वाया गेला असता.

नायट्रेटसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचे सोडियम नायट्रेट सुचवले आहे. ०.३४ ग्रॅमने २५० लिटर पाण्यात एक पीपीएम वाढ होते. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेटचे अगदी पातळ द्रावण. पहिले काही दिवस फॉस्फेट घातले तरी शून्यच दिसेल, कारण चुनखडीचा खडक ते शोषून घेतो. घाबरून मात्रा वाढवू नये.

तळ्याकाठचा | १६ जुलै, रात्री ८.३०

माझे निदान चुकले. मी सुचवलेले औषध त्यांनी घातले नाही, हे बरे झाले.

खारट_पाणी | २३ ऑगस्ट, रात्री १०.००

पाच आठवड्यांनी परत लिहितो. नायट्रेट आठवड्यात पाचवर आले आणि आता सहा ते आठच्या दरम्यान राहते. फॉस्फेटने ताईंनी सांगितल्याप्रमाणे नऊ दिवस दाद दिली नाही, दहाव्या दिवशी ०.०४ दिसले आणि आता ०.०८ आहे. नवे किट घेतले होते. अतिनील दिवा मुख्य टाकीतून पाणी ओढून रात्रभर चालवला. सोड्याने अल्कलिनिटी चार दिवसांत ८ वर आणली आणि रोज थोडा सोडा देऊन तिथेच ठेवली आहे. निळी_झाक यांच्याकडील वाळू आणि स्पंज सम्पमध्ये आहे. आरओला डीआयचा टप्पा जोडला, टीडीएस शून्य येतो.

दुसऱ्या आठवड्यात थर वाढला आणि सगळे सोडून द्यावे असे वाटले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तंतू तुटू लागले. आता तपकिरी थर एका कोपऱ्यापुरता उरला आहे, पण काचेवर आणि मागच्या खडकांवर हिरवे शेवाळ दाट आले आहे. जुलैत हेच शेवाळ पाहून मी खरवडायला धावलो असतो. लेदर कोरल २९ जुलैला उघडले.

निळी_झाक | २३ ऑगस्ट, रात्री १०.३५

उघडण्यापूर्वी त्याच्यावरून मेणासारखा चकचकीत पापुद्रा निघाला होता का? लेदर कोरल अधूनमधून कात टाकते आणि त्या काळात दोन-तीन आठवडे मिटून राहते. कदाचित त्याच्या मिटण्याचा डायनोशी संबंधच नसेल.

खारट_पाणी | २३ ऑगस्ट, रात्री १०.५०

पापुद्रा निघाला होता. मी तो डायनोचा थर समजून नळीने ओढून फेकला.

पानसुपारी | २३ ऑगस्ट, रात्री ११.०५

म्हणजे संपूर्ण धागाभर ज्याची आपण शुश्रूषा करत होतो, ते फक्त कपडे बदलत होते.

मत्स्यगंधा | २४ ऑगस्ट, सकाळी ७.३०

गोगलगायी मात्र खरोखर मेल्या होत्या, हे विसरू नये. नव्या आणण्याची घाई करू नका, निदान गणपती होऊ द्या. आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की सोडा बंद करायचा आहे, त्याची खूण आत्ताच दिनदर्शिकेवर करून ठेवा.

खारट_पाणी | २४ ऑगस्ट, सकाळी ८.१०

खूण केली. शेवटची शंका: काचेवरचे हिरवे शेवाळ खरवडू की राहू देऊ?

प्रयोगवही | २४ ऑगस्ट, दुपारी १.१५

समोरची काच घासा, पाहुणे येतात. मागची राहू द्या.